बेडकीचा दिवा

वाल्मिकला लकवा मारला त्याला दीड वर्ष झालं. उजवा हात गेला, उजवा पाय फरफटायला लागला, तोंड वाकडं झालं. वाचाही गेली, आणि जाताना एक शब्द तेवढा मागे ठेवून गेली. तो शब्द म्हणजे "उद्या". टोकावड्याच्या नाक्यावर बावीस वर्षं मोटार वायंडिंगचं दुकान चालवणारा माणूस जन्मात सगळ्यात जास्त वेळा काय बोलला असेल? पंप जळालाय, कधी देतोस? उद्या. पंखा झाला का रे? उद्या. देवाने बरोबर तेवढंच शिल्लक ठेवलं. आता त्याला भूक लागली तरी उद्या, लघवीला लागली तरी उद्या, राग आला तरी उद्याच. नाक्यावरची टवाळ पोरं त्याला उद्याशेठ म्हणायला लागली होती. गिरजाने ते कानांनी ऐकलं होतं, पण कुणाकुणाची तोंडं बांधत बसणार?

तरी रोज सकाळी ती त्याला दुकानात आणून बसवायची. दुकान म्हणजे रस्त्याकडेला पत्र्याची शेड, पुढे एक शटर, आत एक लाकडी टेबल. वाल्मिक खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघायचा आणि काम गिरजा करायची. नवऱ्याच्या हाताखाली हाताने फिरवायच्या मशीनवर तिने आजवर किती गुंडाळ्या गुंडाळल्या असतील त्याचा हिशेब नव्हता. ती गुंडाळायची, तो त्या मोटारीत बसवायचा, जोडायचा. आता बसवायचंही तीच शिकली होती, पडत-झडत. गिऱ्हाईक आलं की मात्र ती टेबलापासून दोन पावलं मागे सरायची आणि म्हणायची, "ह्यांनी केलंय." गिऱ्हाईकही मान डोलवायचं. बाईच्या हातची मोटार म्हटल्यावर कोण विहिरीत सोडायला धजेल?

आषाढात एका सोमवारी किशोर टेम्पोतून एक गाडी घेऊन आला. घाटाच्या वाटेवर एका फार्महाऊसचा तो मॅनेजर, माणूस किन्हवलीचा. गाडी म्हणजे चार जाड चाकांची, चिखलातून, दगडांतून, बांधावरून उड्या मारत जाणारी ती फटफटी. पावसाळी पाहुणे पैसे देऊन तिच्यावर बसतात आणि किंचाळतात. आसपासच्या पाड्यांवर तिला बेडकी म्हणत.

"वैनी, भाऊ हायत ना? इंजिन चालतंय, पण लाइट नाय. कॉइल जळाली. पाहुण्यांच्या एका पोरानं मोठाले फोकस लावले हिला, तिथंच घात झाला."

"मग नवी टाका की."

"कल्याणला विचारलं. हे मॉडेल जुनं, महिना लागंल म्हणतात. महिन्यानं पाऊस काय माझ्या वाटेकडं बघत बसणाराय? आमच्या पठारावर भरदुपारी धुकं असतं, हातभरावरचं दिसत नाय. परवा एक बाई गाडीसकट बांधाखाली गेली. नशीब, चिखल होता. आता शेठ म्हणतो, दिवा लागल्याबिगर एकबी गाडी भायेर काढायची नाय. चार गाड्या हायत, चारींचं तेच रडगाणं. भाऊंनी ही एक करून दिली तर बाकीच्या इथंच आणतो, आन् दर साली इथंच."

"शनिवारी दुपारी न्या," गिरजा म्हणाली. आतून वाल्मिक म्हणाला, "उद्या." किशोर हसला, पण हसू त्याने लगेच गिळलं. माणूस बरा होता.

शनिवार म्हणायला कारण होतं. हरेश, तिचा मुलगा, मुरबाडच्या कंपनीत पाळीवर जायचा. भावेश नावाच्या त्याच्या मित्राला नाक्यावर मक्याची कणसं आणि चहा विकायला जागा हवी होती. हरेशने शेड त्याला द्यायचं ठरवून टाकलं होतं. रविवारी किल्ली द्यायची होती.

"आये, महिन्याला दोन पंखे नि एक मिक्सर येतो. त्याला काय दुकान म्हणतात?" असं त्याने जेवताना विचारलं होतं. "बाबांना घरी पडू दे आरामात. तूबी किती मरशील? सकाळी आवणी, दुपारी दुकान."

तो खोटं बोलत नव्हता, तेच तर वाईट होतं. गिरजा खरंच दमली होती. पण लकव्यानंतरचे पहिले तीन महिने तिने बघितले होते. माणूस भिंतीकडे तोंड करून पडायचा, जेवायला उठवलं तरी डोळे उघडायचा नाही. दुकानात आणून बसवल्यावर तो हळूहळू मान वर करायला लागला. दुकान गेलं तर तो पुन्हा भिंतीकडे वळेल आणि पुन्हा उठायचा नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती हरेशला एवढंच म्हणाली, "ही बेडकी करून दावते. नाय झाली तर रविवारी किल्ली तुझी."

मंगळवारी तिने गुडघाभर चिखलात दुपारपर्यंत भाताची आवणी केली. रोप जून व्हायला आलं होतं, थांबून चालण्यासारखं नव्हतं. मग हातपाय धुऊन, वाल्मिकला आधार देत दुकानात आणलं आणि बेडकीचं कव्हर खोललं. पुलर लावून मॅग्नेट ओढला आणि आतली कॉइल प्लेट काढली. तळहाताएवढं गोल लोखंड, त्याला चहूबाजूंनी आठ दात. एका दातावर बारीक तार, ती ठिणगीची, शाबूत होती. बाकीच्या सात दातांवर दिव्याची तार, ती जळून एकजीव झालेली. उलगडायची सोय नव्हती. तिने छिन्नीने तोडून तोडून ती काढली आणि एका दातावरची कापलेली टोकं मोजली. चाळीस. खडूने शटरवर लिहिलं, चाळीस गुणिले सात.

तार गुंडाळायला बसली तेव्हा हाताच्या बोटांत आवणीने पडलेल्या चिखल्या नुसत्या ठणकत होत्या. तांब्याची तार ताणून धरायची तर ती नेमकी त्या भेगांत शिरायची. सात दात बघून तिला वडाचे सात फेरे आठवले. महिन्यापूर्वीच ती वडाला सूत गुंडाळून आली होती. तसेच उजवे फेरे घालत तिने पहिला दात भरला. ताण सारखा ठेवला, वेढ्याला वेढा चिकटून बसवला. मग दुसरा दात घेतला.

"उद्या," वाल्मिक म्हणाला.

"उद्या कशाला? आजच संपवते. उद्या आवणीला बायका सांगितल्यात."

"उद्या! उद्या!" तो डाव्या हाताने खुर्चीचा दांडा बडवायला लागला.

तिने पाणी दिलं, त्याने तांब्या ढकलला. लघवीला लागली असेल म्हणून ती त्याला धरून मागे घेऊन गेली, तिथे तो नुसता उभा राहिला आणि पुन्हा तेच म्हणाला. एरवी डोळ्यांवरून, आवाजावरून तिला त्याचं सगळं कळायचं. आज कळेना. "काय माणूस हाय, बाई," ती वैतागून म्हणाली, "हात मोकळा नाय माझा, आन् तुमचं आपलं उद्या उद्या!" त्याने तोंड फिरवलं, ते संध्याकाळपर्यंत इकडे केलं नाही. ती सातही दात भरून मोकळी झाली. वरून वार्निश दिलं. पावसाच्या हवेत ते वाळणार कसं? म्हणून रात्री चुलीच्या कडेला कोमट राखेजवळ ठेवलं आणि मांजर शिवू नये म्हणून वर पाटी पालथी घातली.

बुधवारी प्लेट बसवली, मॅग्नेट चढवला, दोरी ओढली. चौथ्या ओढीला इंजिन फटफटलं. दिव्याचं बटण दाबलं तर बल्बातली तार विझत्या बिडीसारखी लालसर झाली आणि तेवढ्यावरच थांबली. रेस दिली तरी तेवढीच.

बुधवार-गुरुवार दोन्ही दिवस गिरजाने जंगजंग पछाडलं. बल्ब बदलला. सीटखालची वायर उंदराने कुरतडली होती, ती पुरती काढून नवी ओढली. बॉडीला अर्थिंगची वायर लागते तिथला नट गंजला होता, तो कानशीने घासून चकचकीत केला. किशोरला फोन करून दुसऱ्या गाडीचा कटआउट मागवला, दिव्याचा दाब आवरणारी ती डबी, आणि तोही लावून बघितला. बल्ब आपला लालसरच. शेवटी प्लेट पुन्हा बाहेर काढून सिरीजच्या बल्बवर तपासली. तार अखंड होती. लोखंडाला कुठे चिकटली नव्हती. सगळं ठीक होतं आणि उजेड नव्हता. गुरुवारी संध्याकाळी तिला रडू आलं, आणि ती रडली. बघायला होतंच कोण, नवरा सोडून?

शुक्रवारी दुपारी हरेश भावेशला घेऊन आला.

"आये, नुसतं माप घ्यायला आलाय," हरेश म्हणाला. तिच्याकडे बघायचं मात्र त्याने टाळलं.

भावेशने मोजायची टेप काढली. लांबी घेतली, मग रुंदी घ्यायला लागला तर मध्ये वाल्मिकची खुर्ची. "काका, जरा पाय उचला बरं." उजवा पाय उचलत नाही हे त्याच्या ध्यानात यायला वेळ लागला. मग त्याने स्वतःच वाकून तो पाय दोन्ही हातांनी धरून बाजूला ठेवला, वाटेतली बादली सरकवावी तसा. "शेगडी इथं, बाकडं तिथं. काका, रविवारी पयलं कणीस तुमाला!"

"उद्या," वाल्मिक म्हणाला.

"उद्या नाय वो, परवा," भावेश खदखदून हसला. हरेशही हसायला गेला आणि मध्येच थांबला. आईचं तोंड त्याला दिसलं होतं. ते दोघं गेले.

गिरजाने खाली बसून तो पाय पुन्हा जागेवर ठेवला. "मी काय करू, सांगा तुमीच," ती म्हणाली. "सगळं बघून झालं. माझी अक्कल संपली. काय चुकलं माझं?"

वाल्मिकने डावा हात पुढे केला. बोटं टेबलावरच्या कॉइल प्लेटकडे होती. तिने प्लेट त्याच्या मांडीवर ठेवली. मग त्याने तारेचं रीळ दाखवलं, तिने तेही दिलं. उजवा मेलेला हात त्याने प्लेटवर वजनासारखा टाकला आणि डाव्या हाताने तारेचं टोक एका दाताभोवती नेलं. तार दोनदा सुटली. तिसऱ्यांदा वेढा बसला, उजवीकडून. मग त्याने तार शेजारच्या दाताकडे ओढली आणि दुसऱ्या अंगाने घातली. डावीकडून. पुढच्या दाताला पुन्हा उजवीकडून. घामाने त्याचं कपाळ भिजलं होतं.

गिरजा बघत राहिली. दोन दातांवर मिळून तारेचा इंग्रजी आठाचा आकडा झाला होता.

"उलटा?" ती म्हणाली. "एक सुलटा, एक उलटा?"

"उद्या!" वाल्मिक ओरडला. "उद्या, उद्या, उद्या!" आणि ओरडता ओरडता त्याच्या वाकड्या तोंडावरून पाणी गळायला लागलं. मंगळवारपासून त्याला "उलटा" म्हणायचं होतं. जिभेवर "उ" यायचा आणि पुढे बावीस वर्षांची सवय त्याला भलतीकडेच घेऊन जायची.

गिरजाने कपाळावर हात मारून घेतला. मोटारीच्या गुंडाळ्या ती मशीनवर एकाच बाजूने फिरवून द्यायची. कुठली सुलटी बसवायची आणि कुठली उलटी ते त्याचा हात जाणायचा, त्याने कधी तोंडाने सांगितलं नाही आणि तिने कधी विचारलं नाही. पंखे-मिक्सर ती जुनी जोडणी बघून करायची. इथे जुनी तार तिने छिन्नीने तोडली होती. आणि सातही दातांना देवाला घालावेत तसे उजवे फेरे घातले होते. वरच्या मॅग्नेटची तोंडं एकाआड एक उलटी, म्हणून एकाने उजेड करायचा, शेजारच्याने तो खायचा. चार विरुद्ध तीन. उरला एका दाताचा उजेड, बिडीएवढा.

"पण अहो," तिचा आवाज खाली आला, "उलटे फेरे कधी घालतात, ठाऊक हाय ना तुमाला?"

ठाऊक होतं. बायका स्मशानात जात नाहीत, पण सासरे गेले तेव्हा आल्यावर पुरुषांनी सांगितलेलं तिने ऐकलं होतं. खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन चितेभोवती तीन उलटे फेरे. आणि सातांतले उलटे भरायचे दात किती? दुसरा, चौथा, सहावा. तीनच. महिन्यापूर्वी ज्या हातांनी त्याच्यासाठी सूत गुंडाळलं त्याच हातांनी आता त्याच्यासमोर बसून हे करायचं?

वाल्मिकने प्लेट तिच्याकडे सरकवली. डाव्या हाताने तिच्या मनगटाला धरलं आणि तिचा हात दुसऱ्या दातावर नेऊन ठेवला. तो तिच्याकडे बघत होता, आणि या खेपेला त्याच्या डोळ्यांतलं तिला नीट वाचता आलं. घाल.

तिने मंगळवारी भरलेली तार उतरवली. पहिला दात सुलटा भरला. दुसऱ्याला तार डावीकडून घातली आणि मोजायला लागली. चाळीस वेढे होईपर्यंत तिने एकदाही वर बघितलं नाही. चौथा दात भरून झाल्यावर तिने चोरून बघितलं, तो बसलेला होता. सहाव्याच्या विसाव्या वेढ्याला भेगेतून रक्त आलं आणि तार लाल झाली. तिने ती पदराला पुसली आणि पुढे मोजलं. सातवा संपला तेव्हा बाहेर घाटाकडून धुकं खाली सरकायला लागलं होतं. वाल्मिक खुर्चीत मान टाकून झोपला होता. तिने काम ठेवून आधी त्याच्या नाकाशी बोट धरलं. श्वास गरम लागला, मग ती स्वतःवरच चिडली. "काय येड्यासारखं करते मी," असं म्हणून तिने वार्निशचा डबा उघडला.

शनिवारी दुपारी नाक्यावर इतकं धुकं उतरलं की समोरच्या ढाब्याची पाटी दिसेना. किशोर टेम्पो घेऊन आला. हरेशची पाळी सकाळची होती, तोही परस्पर तिथेच आला, बाहीला ग्रीस तसंच. गिरजाने शेवटचा नट आवळला. तिचे हात इतके गळून गेले होते की दोरी ओढायला जोर उरला नव्हता.

"हरेश, ओढ रे," ती म्हणाली.

हरेशने पाय रोवून दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला इंजिन लागलं, शेडचे पत्रे थरथरले. गिरजाने बटणावर बोट ठेवलं. दाबायच्या आधी तिने वाल्मिककडे एकदा बघून घेतलं. तो खुर्चीतून पुढे वाकला होता.

दिवा लागला. पांढरा, झगझगीत, थेट शटरमधून बाहेर धुक्यात घुसला. रस्त्यापलीकडे ढाब्याच्या पडवीत बसलेलं कुत्रं उठून उभं राहिलेलं दिसलं. हरेशने रेस दिली तसा उजेड आणखी लांब गेला. किशोर "आयला!" म्हणाला आणि त्याने टाळीच वाजवली. हरेश रेस सोडून आईच्या हातांकडे बघत उभा राहिला. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या, त्या वार्निशने काळ्या पडल्या होत्या.

"आये, हे तू केलंस?"

"ह्यांनी केलंय," गिरजा सवयीने म्हणाली आणि दोन पावलं मागे सरली.

"मानलं भाऊ!" किशोर वाल्मिकच्या खुर्चीपाशी जाऊन मोठ्याने बोलला, लोक त्याच्याशी बहिऱ्यासारखं बोलायचे तसं. "हात गेला, पण कला गेली नाय. बाकीच्या तीन गाड्या कधी आणू?"

सगळ्यांना उत्तर माहीत होतं. किशोरच्या तोंडावर हसू आधीच तयार होतं. हरेशने मान खाली घातली. वाल्मिकचे ओठ हलले, शब्द पार दाराशी आला. त्याने तोंड मिटून घेतलं. डावा हात उचलला आणि बोट रोखलं गिरजाकडे. किशोरला कळलं नाही म्हणून पुन्हा रोखलं. हिला विचार.

किशोर वळला. हरेशही वळला. गिरजा टेबलाच्या मागे पार भिंतीला टेकून उभी होती, त्याहून मागे जायला जागा नव्हती. दुसरा दिवस रविवार. भावेशची शेगडी, बाकडं, पहिलं कणीस, सगळं तिच्या डोळ्यांसमोरून गेलं. ती पुढे आली, पान्हा टेबलावर ठेवला आणि बावीस वर्षं ऐकलेल्या त्याच सुरात म्हणाली,

"उद्या."